जमणी बाजू

बडोद्याच्या घरी सामान येऊन पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास सोसायटीच्या वॉचमनकाकांनी मला विचारलं, "जमी लीधुं, बेन?"

घरात अठरा खोकी तशीच बांधलेली. गॅसचा रेग्युलेटर कुठल्या खोक्यात आहे याचा पत्ता नाही. पडद्यांच्या दांड्या खिडक्यांपेक्षा चार बोटं आखूड. अशा वेळी एक परका माणूस इतक्या आपुलकीने "जमलं का सगळं?" म्हणून विचारतो, म्हटल्यावर माझा गळाच दाटून आला. म्हटलं, "कसलं जमतंय काका! दोन-तीन दिवस तरी लागतील."

काकांचा चेहरा पडला. अर्ध्या तासात पहिल्या मजल्यावरून थेपले आले, संध्याकाळी तिसऱ्यावरून खिचडी-कढी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "स्वयंपाकघरातलं जमलं, हॉलमधलं राहिलंय." त्या दिवशी तीन डबे आले. मी नवऱ्याला म्हटलं, काय माणसं आहेत! नुसतं सामान लावायचं राहिलं तर इतकं करतात.

चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या, दांडिया बाजारात तीन पिढ्या काढलेल्या एका मराठी बाईंनी उलगडा केला. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं. म्हणजे चार दिवस मी अख्ख्या सोसायटीला सांगत होते की आम्ही उपाशी आहोत, आणि हॉलमध्ये जेवायचं अजून बाकी आहे.

हा शब्द पुढे माझ्या मानगुटीवरच बसला. कारण गुजरातीत उजव्या बाजूलाही 'जमणी बाजू' म्हणतात. ज्या हाताने जमायचं तो जमणो हात. डावी ती 'डाबी', तिथवर ठीक आहे. पण ज्या राज्यात रस्त्याचं उजवं वळणसुद्धा जेवणावरून सांगितलं जातं, तिथे गाडी चालवायची तर आधी पोट आणि दिशा यांचा संबंध समजून घ्यावा लागतो. "आगळ जईने जमणी बाजू" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पुढे जेवणाची सोय आहे. पुढे जाऊन पाहिलं तर खरंच होती. वळण मात्र मागे राहिलं होतं.

आता गाडीबद्दल. आम्ही तळेगाव दाभाड्याचे. नवऱ्याची बदली झाली, मी शाळेतून दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली, मुलगी तिच्या मार्गाला लागलेली. नवरा आठवड्याचे सहा दिवस कंपनीत आणि सातव्या दिवशी झोपेत. उरले मी आणि अकरा वर्षांची एक लहान गाडी, पाटी एमएच-१४. आयुष्यात तीस वर्षं वेळापत्रकाने काढली. त्यामुळे मी ठरवलं की दर गुरुवारी सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सातच्या आत परत यायचं, आणि कुठे जायचं ते ठरवायचं नाही. न ठरवण्याचंही वेळापत्रक करणारी मी बाई. सवय जाता जात नाही.

पण न ठरवता जायचं म्हणजे तरी कसं? चौकात उभं राहून नाणं उडवलं तर लोक गर्दी करतात. म्हणून मी एक युक्ती काढली. शहराबाहेरच्या एखाद्या चोकडीला जायचं. (चोकडी म्हणजे इथे चौक. "कपुराई चोकडीला भेटू" हे वाक्य मराठी कानाला कटाचं वाटतं, पण तिथे चार रस्ते भेटतात इतकंच.) टपरीवर अडधी चहा घ्यायचा, म्हणजे आपलं कटिंग. आणि समोरून जाणाऱ्या ज्या एसटीची पाटी मला पूर्ण वाचता येईल, त्या एसटीच्या मागे जायचं.

यात गोम अशी की गुजराती लिपीला डोक्यावरची रेघ नाही. सगळी अक्षरं ओळखीची, पण टोपी काढून बसलेली. शेजारचे जोशीकाका एकदम टकलासकट दिसले तर क्षणभर ओळख पटत नाही, तसं होतं. काही अक्षरं तर वेगळीच. शिवाय त्यांचा दोनाचा आकडा आणि 'र' हे सख्खे जुळे, पाचाचा आकडा आणि 'प' हेही जुळे. पहिल्या महिन्यात मैलाच्या दगडावर 'पावागढ रप' असं वाचून हे रप काय असेल म्हणून मी चार किलोमीटर विचार करत गेले. पुढे 'पावागढ २१' लागलं तेव्हा ट्यूब पेटली. आणि 'वाव' लिहिलेली पाटी कुठेही दिसते. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, आपली बारव. मला मात्र तीस वर्षं प्रगतिपुस्तकं लिहायची सवय. रस्त्याकडेला 'वाव' दिसलं की मनात पुढचं आपोआप उमटतं : सुधारणेस भरपूर.

तर एसटी समोरून जायला लागायची आणि मी अक्षरं जुळवत असेपर्यंत पुढच्या गावाला पोचलेली असायची. त्यामुळे लहान नावाच्या गावांचं आपोआप फावलं. डभोई, पादरा, हालोल, डाकोर. माझं गुजरात दर्शन पहिले तीन महिने संपूर्णपणे जोडाक्षरविरहित झालं. याबाबतीत मी एकटी नाही, ही माझी समजूत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली एक बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा इथे दत्तक आला, तेव्हा त्यालाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याला शिकवायला खास शिक्षक नेमले आणि पुढे तो महाराजा सयाजीराव झाला. मला शिकवायला एसटी महामंडळ आहे. बघू.

पहिली पूर्ण वाचलेली पाटी डभोईची. बडोद्याहून जेमतेम तीस किलोमीटर. वाटेत भिलापूर लागलं, आणि मी करकचून ब्रेक मारला. आमच्या गावाच्या नावातले जे दाभाडे, त्यांच्यापैकी सेनापती त्र्यंबकराव दाभाडे इथेच पडले. एप्रिल १७३१. समोर पहिले बाजीराव. मराठ्यांनी गुजरातेत येऊन लढाई केली ती आपापसात, हे वाचून कोणाही मराठी माणसाला आश्चर्य वाटायचं कारण नाही. शाळेत मी हा धडा कितीदा तरी शिकवला होता, नकाशात भिलापूर बोटाने दाखवलं होतं. प्रत्यक्षात ते बोटभर नाही, बऱ्यापैकी गाव आहे.

झाडाखाली एक आजोबा बसले होते. मी माझ्या हिंदीमिश्रित गुजरातीत विचारलं, "इथे लढाई कुठे झाली?"

आजोबा सावरून बसले. "लडाई? अहीं कोई लडाई नथी थई, बेन. बधा शांतिथी रहे छे."

मी म्हटलं, जुनी, जुनी. ते म्हणाले, जुनीसुद्धा नाही, पंचायतीच्या निवडणुकीत थोडं झालं होतं पण ते मिटलं. मी म्हटलं, आमच्या गावचा एक माणूस इथे मारला गेला. हे म्हणायला नको होतं. आजोबा उठले, एमएच-१४ची पाटी पाहून आले आणि मला म्हणाले, "बेन, चा पीओ." चहा येईपर्यंत गावातली सात-आठ मंडळी जमली. म्हणजे मराठीत जमली. प्रत्येकाने मला धीर दिला. गेलेला माणूस माझा कोण होता, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. मीही मग १७३१ हा तपशील सांगितला नाही. इतक्या मायेने कोणी सांत्वन करत असताना तारखेवरून वाद घालू नये.

डभोई मात्र बघण्यासारखं. गावाला किल्ल्याची जुनी वेस आहे, तिला भागोळ म्हणतात, आणि हिरा भागोळीवरचं कोरीवकाम पाहून मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले. या दरवाजाची एक कथा सांगतात. हिरा नावाच्या कारागिराने राजाच्या बांधकामाचा दगड गुपचूप आपल्या प्रेयसीच्या तलावासाठी वळवला. राजाला कळलं तेव्हा त्याने हिराला जिवंत भिंतीत चिणलं. सरकारी मालाच्या अफरातफरीची ही चौकशी इतक्या लवकर निकाली निघाली म्हणूनच ती दंतकथा असणार.

आणि डभोईत आणखी एक गंमत. गायकवाडांच्या संस्थानाने १८६२ साली डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची आगगाडी काढली. भारतातली अशी पहिलीच. पण सुरुवातीला इंजिनाऐवजी गाडी ओढायला बैल होते. रूळ नवे, डबे नवे, बैल जुने. दहा-अकरा वर्षांनी इंजिन आलं. अकरा वर्षांची गाडी चालवणाऱ्या मला हे फार दिलासा देणारं वाटलं.

पुढचं लहान नाव डाकोर. तिथे जायला निघण्याआधी घरी थोडी गडबड झाली. नवऱ्याने कधी नव्हे ते इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि जाहीर केलं की बडोद्याची गादी ज्यांच्यापासून सुरू झाली त्या पिलाजी गायकवाडांचा खून १७३२ साली डाकोरलाच झाला. "तू जाशील तिथे आपल्याकडचा माणूस मेलेला कसा असतो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, त्यांनी आधी एसटीची पाटी नीट वाचली नसेल. तेव्हापासून बुधवारी रात्री तो "उद्या कुठे?" एवढंच विचारतो आणि मी "माहीत नाही" म्हटलं की पुस्तक मिटून ठेवतो.

डाकोरचा देव रणछोडराय. रण सोडून गेलेला कृष्ण. असा देव आपल्या भिलापुरी आधी येता तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटून गेलं. कथा अशी की बोडाणा नावाचा भक्त म्हातारपणी द्वारकेला चालत जाईनासा झाला, तेव्हा देवच त्याच्या बैलगाडीत बसून डाकोरला आला. म्हणजे देवाचंही स्थलांतर झालं आहे, आणि तेही न ठरवता. द्वारकेचे पुजारी मागोमाग आले. देव ठेवायचा तर त्याच्या वजनाचं सोनं द्या म्हणाले. बोडाण्याच्या घरी बायकोची नथ तेवढी होती, सव्वा वालाची. तराजूत देव एका बाजूला आणि नथ एका बाजूला, आणि पारडं सारखं झालं.

ही कथा मला तिथल्या फरसाणाच्या दुकानात खऱ्या अर्थाने पटली. गुजरातेत खाणं प्लेटवर नाही, वजनावर मिळतं. सकाळचे गाठिये घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "केटलुं आपुं?" पुण्याकडच्या माणसाला प्लेट कळते, अर्धी प्लेट कळते, 'संपलं' ही पाटी तर जन्मापासून कळते. शंभर ग्रॅम गाठिये म्हणजे किती भूक, हे आमच्या शरीराला कळत नाही. मी पहिल्यांदा पाव किलो सांगितलं होतं. सोबत पपईचा संभारा, तळलेल्या मिरच्या, कढी. समोरचा सत्तर किलोचा माणूस शंभर ग्रॅम खात होता आणि माझ्याकडे आदराने पाहत होता. जिथे देव वजनावर मिळाला, तिथे गोट्यांचं काय! डाकोरला गोटे प्रसिद्ध. गोटे म्हणजे भजी. "डाकोरचे गोटे आणलेत" असा फोन मी तळेगावला केला, तेव्हा आईने विचारलं, "नर्मदेतले का? देवघरात ठेवू?"

दुकानदाराने गोटे तोलता तोलता नेहमीचा प्रश्न टाकला. "एकलां आव्यां, बेन?"

हा प्रश्न मला गुजरातेत पेट्रोल पंपापासून देवळापर्यंत सगळीकडे विचारला गेला आहे. त्यात चौकशीपेक्षा हळहळ जास्त असते. एकटं फिरायला कोणी का जाईल, हे इथे कोणाला उलगडत नाही. चौघं असली की गाडी भरते, आठ असली की खाकरे उघडता येतात. मी "हां, एकली" म्हटलं. त्याने पुढे विचारलं, "भाई नथी आव्या?"

मला वाटलं, भाऊ. माझा भाऊ खरोखरच तळेगावला असतो, सोबत आईला सांभाळतो. मी सांगितलं, भाई तर तळेगावला असतात, त्यांचं तिकडेच बरं चाललंय, वर्षातून एकदा राखीला भेट होते.

तराजू हवेतच थांबला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग गल्ल्यावरच्या गणपतीकडे पाहिलं, आणि तोललेल्या गोट्यांत आणखी चार गोटे टाकले. मागून बायको आली, तिला त्याने हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. तिने माझ्या हातात शेवेचं पुडकं ठेवलं आणि पाठीवरून हात फिरवला. घरी येऊन शेजारच्या बेनना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसता हसता सोफ्यावर आडव्या झाल्या. इथे बाईच्या नवऱ्याची चौकशी करताना अदबीने 'भाई' म्हणतात. म्हणजे वर्षातून एकदा, तेही राखीला भेटणाऱ्या नवऱ्याची बायको म्हणून मी डाकोरच्या बाजारात प्रसिद्ध झाले होते.

(जाता जाता : डाकोरचं आजचं देऊळ १७७२ साली बांधलं ते गोपाळराव जगन्नाथ तांबवेकर या मराठी सावकाराने. तोही कधीतरी एकटाच आला असेल का, आणि त्याला कोणी काय विचारलं असेल?)

बाकी पाहुण्यांसोबतच्या सहली मी या हिशेबात धरत नाही. तळेगावहून कोणीही आलं की त्यांना सरदार पटेलांचा पुतळा बघायचा असतो. १८२ मीटर उंच. मी सहा वेळा जाऊन आले. आता पुतळ्याकडे न बघता वाहनतळात सावली कुठल्या बाजूला कितीला येते ते सांगू शकते. पाटणची राणीनी वाव मात्र एकदाच पाहिली, आणि तिथे पाणी विकत घेताना शंभराची नोट दिली तेव्हा नोटेच्या पाठीवर तीच वाव होती. विक्रेत्याला मी ते कौतुकाने दाखवलं. त्याने नोट उजेडात धरून खरी आहे ना ते पाहिलं.

अनुस्वारापर्यंत प्रगती झाल्यावर खंभात वाचता आलं. मला समुद्र बघायचा होता. नकाशात खंभातचं आखात शाळेतल्या प्रत्येक पोराने निळ्या खडूने रंगवलेलं असतं, मीच रंगवून घेतलं आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात या बंदरात आला होता. पाऊणशे किलोमीटर गाडी हाकून मी किनाऱ्याशी पोचले, तर पुढे क्षितिजापर्यंत चिखल. राखाडी, चकाकता, शांत. कडेला एक माणूस मोटरसायकलला टेकून शेंगदाणे खात होता. मी विचारलं, "दरियो क्यां छे?"

"हमणां नथी," तो म्हणाला. "सांजे आवशे."

सरकारी कचेरीत साहेब नसले की सांगतात, अगदी तसं. मी विचारलं, नक्की किती वाजता? तो म्हणाला, त्याचं त्याचं असतं. शतकानुशतकं नद्यांनी गाळ आणून टाकला, बंदर बुजलं, आणि ओहोटीला समुद्र दिसेनासा होतो, ही सगळी भूगोलाची माहिती मला होतीच. पण समुद्राला भेटायला जावं आणि तो बाहेर गेलेला असावा, याची तयारी पुस्तकात करून घेत नाहीत. सातच्या आत घरात हा नियम मीच केलेला. त्यामुळे समुद्राची वाट न बघता मी बाजारात गेले, हलवासन आणि सुतरफेणी घेतली, आणि एका अंधाऱ्या दुकानात अकिकाचे दगड घासताना पाहिले. हे दगड मडक्यात घालून भाजतात, मग त्यांना लाल रंग चढतो. हडप्पाच्या काळापासून ही भट्टी पेटलेली आहे. गुजरातेत दगडसुद्धा कच्चा ठेवत नाहीत, भाजून घेतात, हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याने हलवासन खाताना मान डोलावली. समुद्राचं विचारलंच नाही.

आणि मग एप्रिलच्या एका गुरुवारी मला 'छोटा उदेपुर' अख्खं वाचता आलं. तीन एसट्या सोडल्या होत्या त्यासाठी.

हा रस्ता वेगळा. शंभराहून जास्त किलोमीटर, पुढे पुढे टेकड्या लागतात, मोहाची झाडं लागतात, आणि माझी कष्टाने कमावलेली गुजराती हळूहळू निरुपयोगी व्हायला लागते. इथे राठवा लोकांची बोली. एका घरात त्यांनी मला भिंतीवरचा पिठोरो दाखवला. लाल, पिवळे, हिरवे घोडे भिंतभर निघालेले. मी म्हटलं, किती छान चित्र काढलंय. घरातला मुलगा गुजरातीत म्हणाला की पिठोरो काढत नाहीत, लिहितात. लिहिणारा तो लखारो. लिहून झालं की बडवो, म्हणजे त्यांचा पुजारी, येऊन तो तपासतो, काही राहिलं असेल तर पुरं करवून घेतो. मी पुन्हा त्या भिंतीकडे पाहिलं. डोक्यावर रेघ नसलेली लिपी वाचायला मला सहा महिने लागले होते. इथे अक्षरांऐवजी घोडे होते, आणि घरातली सात वर्षांची पोरगी बोट ठेवून मला त्यांतला एकेक सांगत होती. मी "हां, हां" म्हणत राहिले. वर्गात मागच्या बाकावरची मुलं तसं का म्हणायची ते त्या दिवशी कळलं.

ऊन मरणाचं होतं. अशा दिवसांसाठी माझ्या गाडीत कोकमाचं आगळ असतं. पाण्यात दोन झाकणं टाकायचं, चिमूट जिरं. आगळ रत्नागिरीच्या आत्याकडचं, आणि कोकणातल्या सर्व आत्यांप्रमाणे तिने ते एका रिकाम्या बाटलीत भरून दिलेलं. बाटली कसली होती हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. कोकणात बाटलीचा पूर्वजन्म विचारायची पद्धत नाही.

परतीच्या वाटेवर एका नाक्यावर पोलिसांनी हात केला. महाराष्ट्र आणि गुजरात ही १ मे १९६०ला एकाच दिवशी जन्मलेली भावंडं, पण राज्यभर दारूबंदी टिकली ती एकाच्याच घरी. त्यात मध्य प्रदेशची हद्द जवळ, गाडी एमएच, आणि आत बाई एकटी. पोलिसाच्या जागी मी असते तर मीही हात केला असता.

"डिकी खोलो, बेन."

डिकीत शबनम, छत्री, खंभातच्या सुतरफेणीचा रिकामा डबा, आणि तिरक्या उन्हात चमकणारी, सोनेरी लेबल अर्धवट उरलेली, व्हिस्कीची बाटली. आत गडद लाल द्रव. चार बोटं कमी झालेला.

पोलिसाने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं. "आ शुं छे?"

आगळाला गुजरातीत काय म्हणतात ते कोणत्याही एसटीवर लिहिलेलं नसतं. मी म्हटलं, हे आत्याने दिलंय. तो म्हणाला, सगळे असंच काहीतरी सांगतात. मी म्हटलं, मी हे पाण्यात टाकून पिते. तो म्हणाला, हेही सगळे सांगतात. मी म्हटलं, उन्हाचा त्रास होतो म्हणून. त्याने साहेबांना हाक मारली.

साहेब आले. झाकण उघडून त्यांनी वास घेतला. मग बोट बुडवून जिभेला लावलं, आणि आगळाचं मीठ जिभेवर पसरल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला. डोळे मिटले, खांदे वर गेले. मग डोळे उघडून ते म्हणाले, "अल्या, आ तो कोकम छे! दाळमां नाखीए ते!"

सगळा नाका हसला. पहिल्या पोलिसानेही बोट बुडवलं. मग डाळीत किती घालायचं यावर चर्चा झाली, गूळ किती हे त्यांनी मला सांगितलं, मी मनातल्या मनात निम्मं केलं. निघताना साहेब गंभीर झाले. म्हणाले, पुढे आणखी नाका आहे, तिथले लोक चाखतील की नाही सांगता येत नाही, हे दुसऱ्या बाटलीत भरून घ्या. एक शिपाई पाण्याची रिकामी बाटली घेऊन आला. नाक्यावरच्या टेबलावर, सहा जणांच्या देखरेखीखाली, एक थेंब न सांडता आगळ पाण्याच्या बाटलीत उतरलं.

आता टेबलावर व्हिस्कीची रिकामी बाटली उभी होती.

मी ती त्यांच्याकडे सरकवली. साहेब एक पाऊल मागे सरले. इथे नको बेन, नाक्यावर अशी बाटली सापडली तर आम्हाला कोण विचारेल? रस्त्यात फेकू? ते तर अजिबात नाही. मग? त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, वर रबर लावलं, आणि स्वतः नेऊन डिकीत सुटं चाक असतं त्याखाली ठेवली. "वांधो नहीं," ते म्हणाले. मराठीत वांधे झाले की माणूस गप्प बसतो. इथे ते झालेले नसल्याचं रोज पन्नास वेळा सांगतात. "सीधां जजो, पछी जमणी बाजू. आवजो!"

त्याला आता सात महिने झाले. सोसायटीच्या कचऱ्यात ती बाटली टाकायची सोय नाही, वॉचमनकाका कचरा उघडून बघतात. मनीप्लांट लावावा म्हटलं, तर शेजारच्या बेन रोज येतात. तळेगावला परत न्यायची तर पुन्हा सगळे नाके. त्यामुळे ती तिथेच आहे, चाकाखाली, गुंडाळलेली. वळणावर गाडी उजवीकडे झुकली की हलकेच खडखडते. गेल्या गुरुवारी हालोलच्या पंपावर हवा भरताना पोराने नेहमीचं विचारलं, "मासी, एकलां?"

मी म्हटलं, "नाही रे."

त्याने मागच्या सीटवर पाहिलं.